धाकट्याचे नाव

नेरेइदाने पेन्सिलीने पहिले नाव खोडले. एकच रेघ, सरळ, खालचे अक्षर वाचता येईल अशी. त्याच्या डोक्यावर तिने दुसरे नाव लिहिले, खाली जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे बदलले आणि कागद टेबलावरून पेगेरो मास्तरांच्या दिशेने सरकवला.

मास्तरांनी तो फिरवून घेतला नाही. छत्तीस वर्षे बाकांमधून फिरत त्यांनी पोरांच्या वह्या समोरच्या बाजूने वाचल्या होत्या. उलटे अक्षर त्यांना सुलट्याइतकेच दिसे. कॉफीचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"हे काय?"

"दुरुस्ती," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, काही चूक असेल तर आजच सांग."

"मला वाटलं, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल."

"आकडाही आहे. खाली बघा."

कप बशीत ठेवून मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. साखर कारखान्याची थंड पडलेली चिमणी आणि तिच्यावर बसलेली बगळ्यांची रांग.

पूर्वेकडच्या तीन प्रांतांचे मिळून बेसबॉलचे एक कीर्तिदालन होते, बंदरापाशी, जुन्या जकात कचेरीत. दर ऑक्टोबरात, हंगाम सुरू होण्याआधीच्या रविवारी, तिथल्या भिंतीवर तीन-चार ब्राँझचे फलक चढत. ज्याचा फलक चढे त्याला तिथे सन्माननीय किंवा ज्येष्ठ असे काही म्हणत नसत, अमर म्हणत. यंदा चार अमर निवडले होते आणि त्यांतला एक मार्चमध्येच वारला होता. समितीचे पत्र आले तेव्हा नेरेइदाच्या वडिलांना जाऊन सात आठवडे झाले होते. समितीचे चिटणीस म्हणून पेगेरो मास्तर तेव्हापासून आजची ही चौथी खेप घालत होते.

फलकाच्या मसुद्यात लिहिले होते: रोहेलिओ मोंतास, कॅचर. खाली एकोणीस हंगामांचे आकडे. त्याच्याही खाली एक ओळ, जी इतर कोणाच्याच फलकावर नव्हती: पंचांनी एकदाही मैदानाबाहेर काढले नाही.

कॅचर पंचाच्या पुढ्यात उकिडवा बसतो. प्रत्येक चेंडूचा निकाल त्याच्या डोक्यावरून दिला जातो, आणि पंचाशी हुज्जत घालणे हे त्याचे निम्मे काम असते. नेरेइदाच्या वडिलांनी एकोणीस वर्षांत मान वळवून मागे पाहिलेही नव्हते. ती तेरा वर्षांची असताना एका सामन्यात, डोळे मिटलेल्या माणसालाही कळेल असा चुकीचा निकाल मिळाला. सगळे स्टेडियम उभे राहून पंचाच्या आईचा उद्धार करत होते. वडिलांनी जाळी पुन्हा तोंडावर ओढली आणि पुढच्या चेंडूसाठी हात पुढे केला. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला होता, याच्या अंगात रक्त नाही, उसाचा रस आहे. ते वाक्य तिने घरी कोणाला सांगितले नव्हते.

"बाबांचं नाव आन्सेल्मो होतं," ती आता म्हणाली. "रोहेलिओ काकांचं."

"हे मला तू सांगतेस? रोहेलिओच्या मांडीला मांडी लावून चार वर्षं शाळेत बसलोय मी. या गावात साठीच्या वरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे."

"मग झालं तर."

"ठाऊक आहे म्हणून तर कोणी बोलत नाही, पोरी."

गोष्ट साधी होती आणि त्या किनाऱ्यावर अशा पुष्कळ घरांत घडलेली होती. एकोणसत्तर साली उत्तरेकडून खेळाडू हेरायला एक माणूस आला. त्याला सतराच्या आतबाहेरची मुले हवी होती. विसाव्या वर्षी पोरगा त्यांच्या लेखी म्हातारा. आन्सेल्मो वीस वर्षांचा होता आणि त्याच्यासारखा हात त्या माणसाने जिल्ह्यात दुसरा पाहिला नव्हता. घरात एक सतरा वर्षांचा भाऊ होता आणि त्याचा जन्मदाखला पत्र्याच्या डब्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आन्सेल्मो रोहेलिओ होऊन मैदानावर गेला. म्हणजे घरी राहिलेल्या रोहेलिओला आन्सेल्मो व्हावे लागले. त्यांच्या आईने, जीभ घसरू नये म्हणून, त्या दिवसापासून दोघांचीही नावे घेणे सोडून दिले. थोरला आणि धाकटा. गावानेही तेच उचलले.

समितीची हरकत नव्हती, असे मास्तर म्हणाले. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदासाठी आता कोणी कोणाला पकडायला येत नाही आणि निम्म्या समितीच्या स्वतःच्या वयात दोन-तीन वर्षांची फेरफार आहे. पण भिंतीवर आन्सेल्मो मोंतास दिसला तर पोरे विचारतील, हा कोण.

"विचारू देत. विचारलं की सांगता येतं."

"ओतशाळेवाला गुरुवारी साचा करणार."

"आज सोमवार आहे, मास्तर."

मास्तर हसले. शाळेत असतानाही ही मुलगी अशीच होती, ते म्हणाले. फळ्यावरची चूक दाखवायची आणि वर तारीख सांगायची. मग गंभीर होऊन त्यांनी एक अट घातली. नाव बदलायचे तर ते नाव ज्याचे आहे त्याची सही हवी. फलकावरून रोहेलिओ उतरवायचा असेल तर रोहेलिओने लिहून द्यावे की ते नाव माझे, खेळला तो माझा भाऊ आन्सेल्मो.

"उद्या दुपारपर्यंत आणून देते," नेरेइदा म्हणाली.

तिला शंका नव्हती. राजधानीत ती कायद्याची पुस्तके छापणाऱ्या छापखान्यात मुद्रिते तपासत असे. सव्वीस वर्षांत तिच्या हाताखालून सुटलेली चूक दाखवा आणि जेवण घ्या, असे तिथले लोक म्हणत. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर रोहेलिओ होते. कबरीच्या दगडावर रोहेलिओ होते, कारण त्या आठवड्यात तिला काही सुचत नव्हते. कुठेतरी एका ठिकाणी तरी तो माणूस स्वतःच्या नावाने असायला हवा, आणि ब्राँझ दगडापेक्षा जास्त टिकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून कामगारांच्या चाळीत गेली. कारखाना बंद होऊन बारा वर्षे झाली होती, चाळी तेवढ्या राहिल्या होत्या. काका दारातल्या सावलीत खुर्ची टाकून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. मांडीवर परात, पायाशी टोपली. चाळीस वर्षे त्यांनी कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजने घेतली होती, आणि अजूनही मूठभर दाणे परातीत टाकण्याआधी हात क्षणभर थांबायचा, जसे काही तोलून पाहत असावेत.

"ये," ते म्हणाले. "बस. हात रिकामे आहेत ना तुझे?"

तिच्या पुढ्यात शेंगांचा एक ढीग आला. ती सोलू लागली. तोमासाकाकू आतून कॉफी घेऊन आली, नेरेइदाच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली की राजधानीत लोक जेवतात की नुसते वाचतात. नेरेइदाने पिशवीतून कागद काढून काकांच्या गुडघ्यावर ठेवला आणि येण्याचे कारण सांगितले. नीट, पहिल्यापासून, मध्ये न अडखळता. वाटेत तिने ते दोनदा मनात म्हणून पाहिले होते.

काकांनी चष्मा मागवला. कागद हळूहळू, ओठ हलवत वाचला. मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"सही कुठे?"

"इथे खाली. मी, रोहेलिओ मोंतास, असं आहे ना, त्याच्या खाली."

"हं. आणि साक्षीला?"

"मास्तर आहेत. काकू आहे."

"तसं नव्हे. साक्षीदार विचारेल की तू रोहेलिओ कशावरून. माझं ओळखपत्र आन्सेल्मोचं. पेन्शन आन्सेल्मोची. लग्न आन्सेल्मोचं."

"लग्नात पाद्रीनं आन्सेल्मो म्हटलं आणि मला हसूच फुटलं," काकू दारातून म्हणाली. "म्हटलं, हा कोण आला मध्येच? या घराण्याचं असंच आहे. नाव आणि चपला, ज्याला जे सापडेल ते घालून बाहेर पडतात."

"पेन्शन तीन वर्षं आधी मिळाली, ते सांग की तिला."

"ते सांगते. तेवढंच एक सुख."

नेरेइदा म्हणाली की वकील ओळखीचा आहे, जुना बाप्तिस्म्याचा दाखला चर्चमध्ये असणार, त्यावरून होईल.

"होईल," काका म्हणाले. "पण रोहेलिओ मोंतास मार्चमध्ये वारला, पोरी. दाखला तूच काढलास."

तिच्या हातातली शेंग उघडली होती, दाणे आतच राहिले. नोंदणी कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहून तिने स्वच्छ अक्षरांत ते नाव लिहिले होते, प्रत्येक अक्षर तपासून, आणि खाली सही केली होती. त्या दुपारी काका तिच्यामागे चार पावलांवर तिची पर्स धरून उभे होते. आपण काय लिहितो आहोत हे तिला तेव्हा दिसले नव्हते. त्यांनी पाहिले होते आणि पर्स धरून ठेवली होती.

"काका, मला..."

"असू दे. कधीतरी मरायचंच होतं."

काकूने एप्रनचा कोपरा पदरासारखा तोंडावर धरला. ती हसत होती की काय ते नेरेइदाला कळले नाही. काका मात्र हसत होते.

पण एवढ्याने ती मागे हटणारी नव्हती. कागदाचा पेच कागदाने सुटतो, ती म्हणाली. आधी तुमची इच्छा सांगा. मग तिने ती गोष्ट सांगितली जी तिने कोणालाच सांगितली नव्हती. रुग्णालयातले शेवटचे आठ दिवस. परिचारिका यायच्या आणि रोहेलिओसाहेब, रोहेलिओसाहेब म्हणून हाका मारायच्या. वडील डोळे उघडायचे नाहीत. तिने बाबा म्हटले तरी पापणी हलायची नाही. शेवटच्या दिवशी दुपारी ती त्यांच्या कानापाशी वाकली आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव उच्चारले. आन्सेल्मो.

"त्यांनी डोळे उघडले, काका. आठ दिवसांत पहिल्यांदा. म्हणजे त्यांना हवं होतं ते. आतून कुठेतरी ते तेच होते."

काकांचे हात थांबले.

"मग काय केलं त्यानं?"

"बघितलं."

"तुझ्याकडे?"

नेरेइदाने आठवून पाहिले. ते दृश्य तिने इतक्या वेळा मनात फिरवले होते की त्याच्या कडा झिजल्या होत्या.

"माझ्याकडे नाही. खोलीत. असं इकडून तिकडे. मग दाराकडे."

"किती वाजता?"

"तीन वाजून गेले होते."

काकू आत निघाली होती, ती उंबऱ्यावर थांबली.

"मी बाहेर बाकावर होतो," काका म्हणाले. "एका वेळी एकालाच आत सोडायचे."

नेरेइदाला प्रथम त्याचा अर्थ लागला नाही. काका परातीकडे पाहत सांगत राहिले, दुसऱ्या कोणाची हकिगत सांगावी तसे. तिच्या आजीने नावे घेणे सोडले, गावाने सोडले, पण थोरल्याने सोडले नाही. हंगाम संपवून तो घरी यायचा तेव्हा चाळीच्या टोकाला गाडी थांबवून तिथूनच ओरडायचा, आन्सेल्मो, अरे आन्सेल्मो, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे. म्हणजे शेजाऱ्यांच्या कानांना सवय व्हावी आणि धाकट्याच्याही. पहिली दोन वर्षे धाकटा वळून पाहायचा नाही. मग वळू लागला. पन्नास वर्षांत ते नाव एकाच माणसाने हाक म्हणून मारले, आणि ती हाक नेहमी त्याच्यासाठी होती.

"आन्सेल्मो म्हटलं की त्याला मीच आठवणार. दुसरं कोण?"

पुढ्यातल्या शेंगा तिला नीट दिसेनाशा झाल्या. तिने एक उचलली, ती सोललेली निघाली. दुसरी उचलली. तीन वाजून गेले होते तेव्हा दार लोटलेले होते, आणि दारापलीकडे आठ हातांवर एक बाक होते. तिने फक्त उठून दार उघडायचे होते.

"तुला कसं कळणार?" काकू म्हणाली. ती कधी परत येऊन खाली बसली होती ते कोणी पाहिले नव्हते. तिने नेरेइदाच्या पुढ्यातला ढीग स्वतःकडे ओढून घेतला. "एवढी पुस्तकं वाचलेली माणसं, पण घरातली हाक घरातल्यालाच कळते."

काकांनी कागदाची घडी घातली. सही करणार नाही असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी दुसरेच सांगितले. तिला वाटत असेल की नाव आजीने काढून घेतले, किंवा थोरल्याने मागितले. तसे नव्हते. पत्र्याचा डबा त्यांनीच उघडला होता, पहाटे, सगळे उठण्याआधी. त्यांना वळणारा चेंडू कधी दिसलाच नाही. सरळ आला तर मारायचे, वळला की हवेत. सतरा वर्षांचे वय होते, पण त्या वयाचे करायचे काय हे त्यांना ठाऊक नव्हते.

"माझ्याकडे राहिलं असतं तर काट्यावर बसून राहिलं असतं ते नाव. मी त्याला खेळायला पाठवलं."

हिवाळ्यात संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातला रेडिओ लागायचा, आणि समालोचक ते नाव घ्यायचा तेव्हा धाकटा पिंपावर बसून ऐकायचा. लोक थोरल्यासाठी टाळ्या वाजवायचे. तोही वाजवायचा. एवढेच.

"आणि जपलं त्यानं," काका म्हणाले. "एकोणऐंशी साली एका पंचानं त्याला आईवरून शिवी दिली. आमच्या आईवरून. रेडिओवर सगळ्यांना कळलं काहीतरी झालंय. घरी आल्यावर मी विचारलं, तू गप्प कसा बसलास? तर म्हणाला, माझ्या नावानं खेळत असतो तर त्याचे दोन दात मैदानावर ठेवून आलो असतो. पण बाहेर काढलं असतं की सकाळी पेपरात तुझं नाव आलं असतं."

नेरेइदाने मान वर केली.

"असं म्हणाले?"

"असं म्हणाला. म्हणाला, उसनं आणलेलं मळवून कसं परत देऊ."

चाळीच्या टोकाला कोणीतरी हिरवी केळी तळत होते. तेलाचा वास आला. मागच्या रांगेतल्या त्या माणसाचा चेहरा तिला कधीच आठवत नसे, फक्त आवाज आठवे. आता तोही नीट आठवेना. जाळी ओढून पुढे झालेला हात मात्र समोर दिसत राहिला.

"आणि बाबांचं नाव?" तिने विचारले. "ते कुठेच लिहिलेलं नाही."

"ते माझ्याकडे आहे की. पोलिसात गेलं नाही, कर्जात गेलं नाही. एकदा दारूत गेलं होतं, ते हिनं परत आणलं." त्यांनी काकूकडे हनुवटी उडवली. "त्याच्या शेजारची जागा मी घेऊन ठेवलीय. माझी वेळ आली की दगडावर ते लिहा. मग दोन्ही तिथेच असतील, जवळजवळ."

"ते दगडाचं नंतर बघू," काकू म्हणाली. "आधी भात टाकते. जेवल्याशिवाय जाणार नाहीस तू."

ती जेवूनच निघाली. वडिलांच्या घरी परतल्यावर तिने मसुदा पुन्हा टेबलावर घेतला. खोडलेल्या नावाच्या डोक्यावर लिहिलेले नाव तिने रबराने पुसले, जन्मसालाचे आकडेही पुसले. रेघ मात्र जाईना; पेन्सिल जोरात दाबली गेली होती. मग तिने छापखान्यात करतात तसे केले. चुकून खोडलेला शब्द राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली ठिपके देतात. प्रत्येक अक्षराखाली एक, असे तिने ठिपके दिले. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा त्यांनी ठिपके पाहिले, त्यांचा अर्थ विचारला, आणि सांगितल्यावर कागद घडी न घालता फाइलीत ठेवला. काका काय म्हणाले ते त्यांनी विचारले नाही. नेरेइदाने फक्त एवढेच सांगितले की पंचांबद्दलची ती शेवटची ओळ, ती थोडी मोठ्या अक्षरांत घेता आली तर घ्या.

"ती ओळ कोणाच्या डोक्यातून आली ठाऊक आहे का तुला?" मास्तर म्हणाले. "आम्हाला आकडेच सुचत होते. तुझ्या काकानं निरोप पाठवला होता."

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी जकात कचेरीचे सगळे दरवाजे उघडे टाकले होते आणि तरी आत पंखे पुरत नव्हते. समुद्रावरचा प्रकाश आत येऊन छताला हलत होता. भिंतीवर चार फलक होते, प्रत्येकावर निळे कापड. पहिल्या दोन रांगा घरच्या माणसांना. नेरेइदा कडेच्या खुर्चीवर बसली होती, पर्समध्ये भाषण. दोन पाने, तीनदा तपासलेली. तिच्यानंतर काका, त्यांच्यापलीकडे काकू. काका येणार नाही म्हणत होते. काकूने त्यांचा पांढरा सदरा आदल्या दिवशीच इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता आणि सांगितले होते की सदरा तर निघालाच आहे, तुम्ही त्याच्यासोबत जायचे की नाही ते बघा.

रीत अशी होती की मास्तरांनी व्यासपीठावरून नाव पुकारायचे. अमर हयात असेल तर त्याने उभे राहून हजर म्हणायचे. नसेल तर त्याच्या वतीने सगळ्या सभागृहाने एका आवाजात म्हणायचे, आणि घरच्या माणसाने पुढे जाऊन कापड ओढायचे. पहिला अमर चाकाच्या खुर्चीत होता. त्याने हात वर केला आणि खणखणीत आवाजात हजर म्हटले, तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. दुसरा उभा राहिला तो खाली बसेचना, सगळ्यांना हात हलवत राहिला. तिसऱ्याचा गुडघा दुखत होता, त्याने बसूनच हजर म्हटले, आणि मागून कोणीतरी ओरडले की धावतानाही तू असाच होतास.

मास्तरांनी चौथा कागद वर घेतला. सभागृह शांत झाले. दोनशे माणसांनी छातीत श्वास भरून घेतल्याचे ऐकू आले.

"रोहेलिओ मोंतास," मास्तरांनी पुकारले.

"हजर."

आवाज मोठा नव्हता. एकट्याचा होता, आणि नेरेइदाच्या अगदी कानाशी होता. भरलेला श्वास तसाच राहिला. काका उभे होते. केव्हा उठले ते त्यांचे त्यांनाही कळले नसावे. हात अंगाला चिकटलेले, नजर सरळ समोर. काकूचा हात त्यांचा सदरा धरून खाली ओढायला गेला, अर्ध्यात थांबला, आणि मग तिने सदऱ्याची मागची चुणी सरळ केली.

पुढच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी वळून पाहिले नाही. मागे तरुण मंडळींत कुजबुज उठली. कोणीतरी त्यांना गप्प केले. व्यासपीठावर मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुढचे वाक्य म्हणायचे होते, कुटुंबाच्या वतीने कन्या, असे. त्यांनी कागद खाली ठेवला.

"पुढे ये, रोहेलिओ," ते म्हणाले.

काका हलले नाहीत. त्यांनी नेरेइदाकडे पाहिले. कापड तिने ओढायचे होते. तसे पत्रिकेत छापले होते, आणि तो छापील मजकूर तिनेच तपासला होता.

नेरेइदाने पर्स मांडीवरून उचलून पोटाशी धरली, गुडघे बाजूला घेतले आणि त्यांना जायला वाट करून दिली.